सर्व्हरचा सातबारा: हायब्रिड क्लाउडमध्ये सर्व्हर आपोआप उभे करायचे आणि प्रत्येकाचा खर्च लावायचा

दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की आमच्या टीमचे फोन वाजायला लागतात. ऊसतोडीचं नियोजन, वजनकाट्याच्या नोंदी, शेतकऱ्यांची बिलं, वाहतूकदारांचे हिशोब, सगळं एकदम अंगावर येतं. मी सांगलीत एका उद्योगसमूहाचं इन्फ्रास्ट्रक्चर सांभाळतो. साखर, फाउंड्री आणि शीतगृहं असे तीन व्यवसाय आहेत. कुपवाड एमआयडीसीत स्वतःची सर्व्हर रूम आहे, जोडीला ॲमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, मुंबई रीजन (तिथलं केंद्र) आहे आणि थोडं काम मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडच्या पुण्यातल्या सेंट्रल इंडिया रीजनवर चालतं. असं घरचं आणि भाड्याचं मिळून चालवणं म्हणजे हायब्रिड क्लाउड.

सगळंच क्लाउडवर का नेत नाही, असं बरेच जण विचारतात. इंटरनेट गेलं म्हणून काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली चालत नाही, त्यामुळे वजनाचा डेटाबेस घरातच हवा. मग सगळंच घरात का ठेवत नाही? त्याचं उत्तर कृष्णेने दिलं आहे. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका हे सांगलीकराला पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. तेव्हापासून दुसरी प्रत नदीपासून लांब ठेवायची, यावर आमच्याकडे कुणी वाद घातलेला नाही.

अडचण पुढे सुरू झाली. दोन्हीकडे सर्व्हर वाढत गेले आणि कुठला कुणाचा, त्याला किती पैसे लागतात हे कुणालाच सांगता येईना. त्यातून मार्ग काढताना एक गोष्ट पक्की पटली. सर्व्हर उभा करणं आणि त्याचा खर्च लावणं हे एकच काम आहे आणि ते एकाच फाइलमध्ये, एकाच वेळी व्हायला हवं. आधी सर्व्हर उभे करून मागाहून हिशोब जुळवायला गेलात, तर हिशोब कधीच जुळत नाही.

आधी मोजणी

ऑटोमेशनला हात घालण्यापूर्वी आहे ते सगळं एका शीटमध्ये आणा. व्हीस्फिअर किंवा प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी सॉफ्टवेअर) यातून व्हीएमची, म्हणजे त्या आभासी सर्व्हरची, यादी काढा आणि क्लाउडच्या प्रत्येक अकाउंटमधून यंत्रं, डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रती), पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारे पत्ते) आणि लोड बॅलन्सर (काम अनेक यंत्रांत वाटणारे) यांच्या याद्या काढा. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न लिहा: हे कुणाचं आहे, कशासाठी आहे, बंद केलं तर कोण ओरडेल?

आमच्या पहिल्या मोजणीत एक यंत्र सापडलं. आदल्या हंगामात बिलांची चाचणी घ्यायला ते उभं केलं होतं. काम झाल्यावर कुणीतरी ते बंद केलं आणि बंद केलं म्हणजे खर्च थांबला असं धरून चाललं. पण बंद यंत्राची डिस्क तशीच असते आणि तिचं भाडं चालूच राहतं. या यंत्राला ५०० जीबीची डिस्क होती, रोजचा स्नॅपशॉट लावलेला होता आणि एक राखीव पब्लिक आयपी होता. एडब्ल्यूएस १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लावतं, मग तो वापरात असो वा नसो. वर्षाचे ८,७६० तास धरले तर एका पत्त्याचे जवळपास ४४ डॉलर होतात. एकाचे थोडे वाटतात, पण आमच्याकडे असे पत्ते डझनभर निघाले.

बाजार समितीतली पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. भाव वर लिहिलेला असतो, खाली हमाली, तोलाई आणि बाकीच्या कपाती असतात. क्लाउडच्या बिलातही यंत्राचा दर वर असतो आणि स्नॅपशॉट, आयपी, नॅट गेटवे (आतल्या यंत्रांचा बाहेर जायचा रस्ता), बाहेर जाणारा डेटा हे सगळं खाली. पट्टी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असते.

टॅग ठरवा, मोजकेच ठरवा

सातबाऱ्यावर नाव नसेल तर जमीन कसणारा कोण हे सांगता येत नाही. सर्व्हरचा सातबारा म्हणजे टॅग, प्रत्येक यंत्राला लावलेली माहितीची चिठ्ठी. आम्ही पाचच ठेवले: ओनर, कॉस्ट-सेंटर (खर्च कुणाच्या नावे), ॲप, एन्व्हायर्नमेंट (चाचणीचं की प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं) आणि एक्स्पायरी (मुदत). सुरुवातीला चौदा ठरवले होते. ते भरायचा लोकांना कंटाळा यायचा आणि मग काहीही भरलं जायचं. पाच टॅग मात्र लोक नीट भरतात.

टॅग लिहिण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत आणि इथे फसायला होतं. एडब्ल्यूएसमध्ये लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, त्यामुळे एकाने मोठ्या अक्षराने सुरू केलेला आणि दुसऱ्याने लहान अक्षराने लिहिलेला ओनर हे दोन वेगळे टॅग होतात. गूगल क्लाउडच्या लेबलमध्ये मोठी अक्षरं चालतच नाहीत, तसंच ॲट चिन्ह, टिंब आणि मोकळी जागाही चालत नाही. म्हणजे ओनरमध्ये ईमेल पत्ता लिहायचं ठरवलंत आणि उद्या गूगलवर गेलात, तर सगळं परत करावं लागेल. व्हीस्फिअरमध्ये कॅटेगरी आणि तिच्या आत टॅग अशी जोडी जमते. प्रॉक्समॉक्सचे टॅग मात्र नुसते शब्द आहेत, तिथे टॅगचं नाव आणि मूल्य अंडरस्कोरने जोडून एक शब्द करावा लागतो. यावर सोपा तोडगा म्हणजे सगळीकडे लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच वापरायचं. ओनरमध्ये माणसाचं नाव न घालता टीमचं नाव घाला. माणसं बदलतात.

एक्स्पायरी हा आमचा सगळ्यात कामाचा टॅग ठरला. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. कायमच्या सर्व्हरलाही तारीख द्या, फार तर एक वर्षाची. वर्षातून एकदा कुणीतरी "अजून हवा आहे" असं म्हणायलाच हवं.

अझ्युअरवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रिसोर्स ग्रुपला (वस्तू एकत्र ठेवायच्या गठ्ठ्याला) लावलेला टॅग आतल्या वस्तूंना आपोआप लागत नाही. तो उतरवायला पॉलिसी लावावी लागते.

फाइलमधून सर्व्हर

फाइलमध्ये लिहिलेलं वाचून सर्व्हर उभे करणारं साधन म्हणून टेराफॉर्म किंवा ओपनटोफू घ्या. हाशीकॉर्प कंपनीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या टेराफॉर्मचा परवाना बदलला, त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली ओपनटोफू वेगळं झालं. अंतर्गत वापरासाठी दोन्ही चालतात. आम्ही ओपनटोफू घेतलं, कारण १.७ आवृत्तीपासून त्यात स्टेट फाइल (काय काय उभं आहे याची साधनाने ठेवलेली नोंद) एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, करायची सोय आहे. स्टेट फाइलमध्ये पासवर्ड उघडे पडलेले असू शकतात. ती कुणाच्या लॅपटॉपवर ठेवू नका आणि गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या ठेवणाऱ्या सामायिक जागेत) तर अजिबात टाकू नका. ती दूरच्या स्टोरेजवर ठेवा, तिला लॉक लावा आणि जुन्या आवृत्त्या जपा. प्रत्येक व्यवसायाची आणि प्रत्येक एन्व्हायर्नमेंटची स्टेट वेगळी ठेवा, म्हणजे फाउंड्रीच्या चाचणीत झालेली चूक साखरेच्या प्रॉडक्शनपर्यंत पोचणार नाही.

मग एक मॉड्यूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा साचा, लिहा, 'सर्व्हर' नावाचं. वापरणाऱ्याने आकार, जागा आणि पाच टॅग द्यायचे. टॅगना डीफॉल्ट (आपोआप भरलं जाणारं) मूल्य ठेवायचं नाही. कॉस्ट-सेंटरसाठी व्हॅलिडेशन, म्हणजे तपासणी, लावा. आमच्याकडे शुगर, फाउंड्री, कोल्ड आणि कॉमन हे चारच शब्द चालतात. पाचवा लिहिला तर प्लॅन (काय बदलणार याची साधन आधी काढतं ती यादी) तिथेच थांबतो. जागेच्या उत्तरावरून ते मॉड्यूल व्हीस्फिअरवर, एडब्ल्यूएसवर किंवा अझ्युअरवर यंत्र उभं करतं. तिन्हीकडच्या सोयी तंतोतंत सारख्या करायचा हट्ट धरू नका. नाव, टॅग, नेटवर्क, बॅकअप आणि मॉनिटरिंग एवढं सारखं झालं तरी पुरे.

एडब्ल्यूएस प्रोव्हायडरमध्ये (साधनाला एडब्ल्यूएसशी जोडणाऱ्या भागात) डीफॉल्ट टॅग्ज लिहिता येतात आणि ते बहुतेक वस्तूंना लागतात. ऑटो-स्केलिंग ग्रुप (गरजेप्रमाणे यंत्रं आपोआप वाढवणारा गट) मात्र त्याला अपवाद आहे. तिथे टॅग वेगळे लिहून ते नव्या यंत्रांवर उतरावेत असं स्पष्ट सांगावं लागतं. हंगामात आमची निम्मी यंत्रं त्याच ग्रुपमधून येतात आणि पहिल्या वर्षी ती सगळी बिनटॅगची निघाली.

यंत्राच्या आतल्या कामाची वाटणी अशी करा. पॅकर या साधनाने तयार इमेज, म्हणजे यंत्राचा नमुना, बनवायची, तिच्यात पॅचेस, एजंट आणि वेळेची जुळणी आधीच घातलेली असावी. यंत्र पहिल्यांदा चालू होताना क्लाउड-इनिट या साधनाने यंत्राचं नाव आणि लॉगिनच्या चाव्या बसवायच्या. पुढचं ॲप्लिकेशन ॲन्सिबल या साधनाने. इमेज महिन्याला नवी करा. पत्त्यांच्या रेंज पहिल्याच दिवशी कागदावर वाटून घ्या, कारण ऑफिसची आणि क्लाउडची रेंज एकच निघाली तर व्हीपीएन (दोन्हींमधली सुरक्षित जोडणी) जोडताना सगळं पुन्हा मांडावं लागतं.

जुनी यंत्रं पाडून नव्याने बांधायची गरज नसते. टेराफॉर्म १.५ पासून इम्पोर्ट ब्लॉक, म्हणजे आधीचं यंत्र फाइलच्या ताब्यात घ्यायची सोय, आला आहे, ओपनटोफूतही तो आहे. रोज पाच-सहा यंत्रं त्यातून आत घ्या. प्लॅनमध्ये 'काही बदल नाही' असं येईपर्यंत अप्लायला (प्रत्यक्ष बदल करणाऱ्या आज्ञेला) हात लावू नका. प्लॅनमध्ये एखाद्या यंत्रापुढे 'रिप्लेस' दिसलं तर चहा सोडून आधी तिकडे बघा, कारण याचा अर्थ जुनं यंत्र पाडून नवं उभं होणार आहे.

मागणी, किंमत, मंजुरी

आता नवा सर्व्हर म्हणजे गिटमधली एक मर्ज रिक्वेस्ट, फाइलमध्ये बदल करायची मागणी. ती आली की पाइपलाइन (आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) प्लॅन काढते, नियम तपासते आणि किंमत लिहिते. नियमांसाठी ओपन पॉलिसी एजंट वापरता येतो. किंमतीसाठी इन्फ्राकॉस्ट नावाचं साधन आहे, ते बदलाआधीचा आणि नंतरचा महिन्याचा खर्च रिक्वेस्टखालीच लिहून दाखवतं. मागणाऱ्याला आकडा मागतानाच दिसतो आणि "सोळा जीबी पुरेल की" असं उत्तर बरेचदा त्याच्याकडूनच येतं.

इन्फ्राकॉस्टला दोन गोष्टी कळत नाहीत. बाहेर जाणाऱ्या डेटासारखा वापरावर ठरणारा खर्च त्याला अंदाज भरून दिल्याशिवाय दिसत नाही, आणि कुपवाडच्या सर्व्हरचा दर त्याला माहीत असणं शक्य नाही. तो दर आपणच काढायचा, त्यावर पुढे येतो.

मंजुरीच्या पायऱ्या कमी ठेवा. ठरावीक रकमेच्या आत असेल तर टीम लीड, वर असेल तर विभागप्रमुख. मंजुरीला चार दिवस लागले की लोक कन्सोलमधून (क्लाउडच्या वेबपानावरून) हाताने यंत्रं उभी करतात. म्हणून कन्सोलचा दरवाजाही बंद करा: सगळ्यांना फक्त बघायचा हक्क, टॅगशिवाय यंत्र उभंच राहू नये अशी एडब्ल्यूएसमध्ये सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी आणि अझ्युअरमध्ये नाकारणारी पॉलिसी. आणीबाणीसाठी एक अकाउंट राखून ठेवा आणि ते वापरलं की सगळ्यांना मेसेज जाईल असं करा.

रात्री एकदा सगळ्या स्टेटवर प्लॅन चालवा, डिटेल्ड एक्झिट कोडचा पर्याय लावून. ० आलं तर जैसे थे, २ आलं तर फाइल आणि वास्तव यात फरक पडला आहे. सकाळी पहिलं काम तेच.

घरच्या सर्व्हरचा दर

इथे बहुतेक कंपन्या गडबडतात. क्लाउडचं बिल दर महिन्याला येतं म्हणून ते महाग वाटतं. घरचा सर्व्हर एकदाच घेतला म्हणून फुकट वाटतो. त्याचाही दर काढल्याशिवाय तुलना प्रामाणिक होत नाही.

उदाहरणासाठी गोल आकडे घेतो, तुम्ही तुमचे घाला. ५१२ जीबी मेमरीचा एक होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रत्यक्ष सर्व्हर, ९ लाखांचा. कंपनी कायद्यात सर्व्हरचं आयुष्य ६ वर्षं धरतात, म्हणजे वर्षाला दीड लाख. वीज: सरासरी ४५० वॅट, वर्षाला ३,९४२ युनिट. एसी आणि यूपीएसचा वाटा धरून १.७ ने गुणलं की साधारण ६,७०० युनिट, १० रुपये दराने ६७ हजार. देखभाल करार ६० हजार. व्हर्च्युअलायझेशनचं वर्गणीशुल्क ९० हजार. माणसं, लाइन, डिझेल आणि जागा यांचा वाटा १ लाख २० हजार. बेरीज ४ लाख ८७ हजार.

वर्गणीशुल्काची ओळ पूर्वी अनेकांच्या शीटमध्ये नसायची. ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं, तेव्हापासून ती दरवर्षीची ओळ झाली.

आता भागायचं कशाने? व्हीएमच्या जगात बहुधा मेमरी आधी संपते, म्हणून आम्ही मेमरीने भागतो. चारपैकी एक होस्ट पडला तरी काम चालावं म्हणून २५ टक्के राखून ठेवायचे, उरले ३८४ जीबी. ४,८७,००० भागिले ३८४ भागिले १२, म्हणजे एका जीबीला महिना सुमारे १०६ रुपये. १६ जीबीचा व्हीएम साधारण १,७०० रुपयांना पडला. स्टोरेज आणि बॅकअपचा दर असाच वेगळा काढा.

प्रत्यक्षात जेवढी मेमरी वाटली आहे तेवढ्याने भागायचा मोह होतो. तसं करू नका. २०० जीबीच वापरात असेल तर दर दुपटीच्या जवळ जातो, मग विभाग क्लाउडवर पळतात, वापर आणखी घटतो आणि दर आणखी चढतो. विकण्याजोग्या क्षमतेने भागा आणि रिकाम्या क्षमतेचा खर्च 'रिकामं' म्हणून वेगळ्या ओळीत आयटीच्या नावावर दाखवा. नवा होस्ट घ्यायचा की नाही, हे त्या ओळीवरून कळतं.

दोन्ही बिलं एका तक्त्यात

एडब्ल्यूएसमधून कॉस्ट अँड यूसेज रिपोर्ट एस३ या त्यांच्या स्टोरेजमध्ये आणि अझ्युअरमधून कॉस्ट एक्सपोर्ट ब्लॉब स्टोरेजमध्ये रोज उतरवून घ्या. दोघांचे रकाने वेगळे असतात. क्लाउडच्या खर्चावर काम करणाऱ्या फिनऑप्स फाउंडेशनने यासाठी फोकस नावाचं समान स्वरूप तयार केलं, त्याची १.० आवृत्ती २०२४ च्या जूनमध्ये आली. दोन्ही क्लाउड त्या स्वरूपात बिल देतात. आम्ही कुपवाडचा हिशोबही त्याच रकान्यांत लिहितो. रात्री एक स्क्रिप्ट व्हीस्फिअरच्या व्हीसेंटरकडून प्रत्येक व्हीएमची मेमरी, डिस्क आणि टॅग घेते, दराने गुणते आणि ओळी टाकते. सगळं एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातं आणि ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनावर दिसतं. यासाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज आम्हाला पडली नाही.

एडब्ल्यूएसमध्ये टॅग लावले म्हणजे ते बिलात आले असं होत नाही. बिलिंगच्या पानावर जाऊन ते कॉस्ट ॲलोकेशन टॅग म्हणून चालू करावे लागतात, आणि तेही मुख्य अकाउंटमधून, म्हणजेच जे पैसे भरतं त्यातून. दिसायला दिवसभर लागू शकतो.

जीएसटीबाबत आधी अकाउंट्सशी बोलून घ्या. १८ टक्के कराचं इनपुट क्रेडिट मिळत असेल तर विभागांना करविरहित आकडा दाखवा आणि घरच्या दरातही तेच धोरण ठेवा. व्हीपीएन, फायरवॉल, नॅट गेटवे यांसारखा सामायिक खर्च 'कॉमन'मध्ये जमा करून बाकीच्या खर्चाच्या प्रमाणात वाटा. महिना संपला की तक्त्याची बेरीज आणि इन्व्हॉइसमधली करपूर्व रक्कम जुळवून बघा. ती जुळेपर्यंत कुणालाही आकडे पाठवू नका. एकदा चुकीचा आकडा गेला की पुढचे सहा महिने प्रत्येक आकड्यावर वाद होतो.

हंगाम, इशारे आणि बंद करणं

क्लाउडचे बजेट-इशारे लगेच येत नाहीत, बिलाचा डेटाच काही तास मागे असतो. आणि इशारा आला म्हणून यंत्र बंद होत नाही, ती कृती वेगळी बांधावी लागते. आम्ही रोज सकाळी मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी तुलना करतो आणि एखाद्या ॲपचा खर्च तीस टक्क्यांहून जास्त वाढला तर त्या ओनर टीमला मेसेज जातो.

चाचणीची यंत्रं सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते रात्री ८ एवढीच चालू ठेवा. आठवड्याच्या १६८ तासांतले ६६ झाले, यंत्राच्या ताशी खर्चातले साठ टक्के वाचले. डिस्कचे वाचत नाहीत. एक्स्पायरीच्या सात दिवस आधी मेसेज, तारखेला यंत्र बंद, आणखी चौदा दिवसांनी शेवटचा स्नॅपशॉट घेऊन फाइलमधून काढायची मर्ज रिक्वेस्ट आपोआप तयार होते. ती मंजूर मात्र माणूसच करतो. डेटाबेस स्क्रिप्टने कधीही उडवू नका.

हंगामासाठी एक व्हेरिएबल ठेवा. आम्ही ऑक्टोबरमध्ये तो चालू करतो आणि गाळप आटोपलं की बंद करतो. यंत्रांची संख्या आणि आकार त्यावरून बदलतात. ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे बिलांच्या यंत्रांवर त्या काळात काटकसर करायची नाही. सेव्हिंग्ज प्लॅन किंवा रिझर्व्हेशन (ठरावीक वापराच्या हमीवर सूट देणारे करार) घेताना जूनमधला वापर बघा. बाराही महिने जेवढं लागतं तेवढ्यावरच एक वर्षाचा करार करा, जानेवारीच्या वापरावर नको.

लॉगना (यंत्रांवरच्या घडामोडींच्या नोंदींना) विसरू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवावे लागतात. महिन्याभरानंतर ते स्वस्त स्टोरेजवर हलवायचा नियम त्याच मॉड्यूलमध्ये घाला.

पट्टी पाठवा

पहिले तीन महिने नुसता हिशोब दाखवा, पैसे वळते करू नका. लोक चुका सांगतात, टॅग दुरुस्त होतात. चौथ्या महिन्यापासून खर्च विभागाच्या नावे टाका. आमच्याकडे ५ तारखेला प्रत्येक विभागाला एका पानाची पट्टी जाते: ॲपचं नाव, घरचा खर्च, क्लाउडचा खर्च, मागच्या महिन्याशी फरक आणि येत्या तीस दिवसांत मुदत संपणारी यंत्रं. पहिली पट्टी गेली त्या दिवशी शीतगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. तापमानाच्या नोंदी दर पाच सेकंदांनी क्लाउडवर जात होत्या आणि त्यांच्या पट्टीतली सगळ्यात मोठी ओळ तीच होती. ते म्हणाले, "बेदाण्याची खोली पाच सेकंदांत तापत नाही हो साहेब, पाच मिनिटांनी नोंद आली तरी चालेल." त्याच दुपारी त्यांच्याच टीमने मर्ज रिक्वेस्ट टाकली.